'निव्वळ' कौशल्य आणि 'निव्वळ' जिंकलेली रक्कम : दोन्हीकडे निव्वळच?

मंजिरी_सांगली :
नमस्कार मंडळी. अडलंय, म्हणून धागा काढतेय.

एका करसल्लागारांसाठी आठ पानी माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय : मोबाइलवर रोजच्या सामन्यातल्या खेळाडूंतून आपला संघ लावून, त्यांच्या खऱ्या खेळावर मिळणाऱ्या गुणांनी पैसे जिंकायचा खेळ, म्हणजे डेली फॅन्टसी स्पोर्ट्स, आणि त्यावरचा कर. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने सरसकट बंदीचा कायदा केला, हे ठाऊक आहे. पण त्याआधीच्या वर्षांत जिंकलेल्या पैशांचे कागद पोरांना येतात, आणि ते घेऊन आईवडील येतात. पत्रक त्यांच्यासाठी.

पान २ वर जुगार कायद्यातलं 'मिअर स्किल' आहे. मी 'निव्वळ कौशल्याचा खेळ' केलं. पान ५ वर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११५बीबीजे मधलं 'नेट विनिंग्ज' आहे, ज्यावर ३० टक्के कर. तिथे 'निव्वळ जिंकलेली रक्कम' केलं. मुद्रितं तपासायला एक निवृत्त मराठीचे सर येतात. त्यांनी दोन्ही 'निव्वळ'भोवती लाल गोल काढून समासात लिहिलं : "बाई, यातला एक निव्वळ खरा, एक खोटा. कोणता ते तुम्ही ठरवा."

ठरत नाहीये. आणि जाता जाता, फॅन्टसी स्पोर्ट्सला काय म्हणू? 'काल्पनिक क्रीडा' लिहिलंय, पण वाचताना मलाच हसू येतं.

पाणवठा :
दोन्ही खरे. आमची आजी पावसाळ्यात गढूळ पाण्यासाठी हंड्याच्या आत निवळीची बी घासायची. सकाळी गाळ तळाशी, वर नितळ पाणी. पाणी निवळतं, आभाळ निवळतं, तसा हिशेब निवळला की उरतं ते निव्वळ. निव्वळ नफा म्हणजे खर्चाचा गाळ खाली बसल्यावरचा नफा. निव्वळ कौशल्य म्हणजे नशिबाचा गाळ नसलेलं कौशल्य. सरांना सांगा, गोल पुसा.

कोर्टकचेरी :
पाणवठा, व्युत्पत्ती गोड आहे, पण पान २ वर ती पक्षकाराला बुडवेल. आपल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंध कायद्याचं कलम १३ म्हणतं की 'मिअर स्किल'च्या खेळाला हा कायदा लागू नाही. १८६७ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम १२ मध्येही तेच शब्द. आता 'निव्वळ' म्हणजे नशिबाचा थेंबही नको, असं धरलं तर रमी गेली, कारण पत्ते पिसले की नशीब आलंच. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं ते 'मिअर'चा अर्थ 'ज्यात कौशल्याचं पारडं जड' असा लावूनच. फॅन्टसीवाल्यांना पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयात २०१९ मध्ये जो दिलासा मिळाला, तोही याच धाग्याने. म्हणून पान २ वर 'मुख्यतः कौशल्याचा खेळ' लिहा. तुमच्या सरांचा 'खोटा' तो हा.

पाणवठा :
गंमत बघा, इंग्रजीतला 'मिअर' लॅटिन 'मेरुस'वरून आला, आणि त्याचा अर्थ पाणी न घातलेली दारू! म्हणजे शब्द मुळात आपल्या निव्वळचाच सख्खा भाऊ. भाषांतर बरोबरच होतं. पाणी न्यायालयाने घातलं.

कोर्टकचेरी :
हाहा. पण पत्रक वाचणारा लॅटिन वाचत नाही. त्याला कायदा काय धरतो ते हवंय.

मंजिरी_सांगली :
मग 'केवळ' किंवा 'नुसतं' का नको?

सुगरण६७ :
नुसतं मुळीच नको ग. नुसती भाकरी म्हणजे तोंडी लावायला काही नाही, बिचारी. 'नुसत्या कौशल्याचा खेळ' म्हटलं की कौशल्य कमी पडल्यासारखं वाटतं. 'केवळ' बरा आहे, पण त्यातही दुसरं काही शिरायला जागा नाही. कोर्टकचेरींचा 'मुख्यतः' चालेल, पण तो भाषांतर नाही, निकाल आहे.

अकोलेकर :
भाऊ, एवढा काथ्याकूट कायले? जुगार आहे, जुगार लिहा. माझ्या भाच्याचं सांगतो. नाणेफेकीची वाट पाहत बसायचा, कारण तवाच अकरा जण कोण ते समजते. मग घाईघाईनं दोन नावं बदलायची, एकाला कर्णधार करायचं (त्याचे गुण दुप्पट), एकाला उपकर्णधार (दीडपट), आन् ४९ रुपये लावायचे. दहाव्या षटकात कर्णधाराच्या मांडीत गोळा आला की पोरगं उपाशी झोपे. हे कौशल्य? कर्णधाराच्या मांडीवर याचं काय कौशल्य?

कोर्टकचेरी :
निवडीत कौशल्य, असं न्यायालय म्हणतं. मांडी हा नशिबाचा भाग. पारडं कुठलं जड, एवढाच प्रश्न.

तात्या_वाईकर :
आपल्याकडे यासाठी दोन हजार वर्षांपूर्वीचा नेमका शब्द असताना ही शोधाशोध पाहून मौज वाटते. मनुस्मृतीच्या ९व्या अध्यायात भेद स्पष्ट आहे : निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत, सजीवांवर पण लावून खेळतात तो समाह्वय. कोंबड्यांची, एडक्यांची झुंज लावणे म्हणजे समाह्वय. माणसांच्या खेळावर पैसे लावणे हाही समाह्वयच. फॅन्टसी स्पोर्ट्सला 'समाह्वय' म्हणा. करालाही सुटसुटीत शब्द मिळेल : समाह्वयकर.

सुगरण६७ :
तात्या, सांगलीतल्या आईला 'तुमच्या मुलाने समाह्वय केला' असं सांगितलं तर ती आधी मुलगी कुणाची ते विचारेल.

तात्या_वाईकर :
शब्द वापरल्याशिवाय रुळत नाहीत. 'महापौर', 'दिनांक' हेही एके काळी लोकांना विनोदीच वाटले होते.

अकोलेकर :
तात्या, मनूनं तर दोन्हीवर बंदी सांगितली होती ना? मंग राजा कर कशावर घेई?

तात्या_वाईकर :
मनू बंदीवाला, कौटिल्य हिशेबी. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नेमून एका ठिकाणीच खेळू द्यावं असं आहे, म्हणजे लपूनछपून खेळणारे हुडकता येतात. जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ अध्यक्षाचे, शिवाय फाशांचं भाडं, पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे. बंदी की परवाना या तुमच्या आजच्या वादाची दोन्ही टोकं तिथेच आहेत.

अकोलेकर :
हे तर आमच्याकडची नाल झाली! विदर्भात अड्ड्यावर जिंकणाऱ्याकडून अड्डेवाला जे कापून घेते, त्याले नाल म्हणतात. 'नाल काढली' म्हणजे अड्ड्याचा वाटा काढला. आन् क्रिकेटच्या सट्ट्यात लगवाडी आन् खायवाडी. लावणारा लगवाडी करते, घेणारा खायवाडी. मंजिरीताई, हे शब्द घ्या. लोकाइले समजते.

मंजिरी_सांगली :
अकोलेकर, तुम्ही माझं पान ६ सोडवलंत! तिथे वस्तू-सेवा कर आहे आणि तोच सगळ्यात कठीण जातोय. आधी कंपन्या आपल्या सेवाशुल्कावर १८ टक्के भरत. जुलै २०२३ मध्ये वस्तू-सेवा कर परिषदेने ठरवलं आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के झाला. मूळ मजकुरात 'ग्रॉस गेमिंग रेव्हेन्यू' (कंपनीकडे उरतं ते) विरुद्ध 'फुल फेस व्हॅल्यू' (खेळाडूने भरलं ते सगळं) अशी अर्धं पान झटापट आहे. मी 'सकल क्रीडा महसूल' आणि 'पूर्ण दर्शनी मूल्य' लिहिलं होतं आणि स्वतःच परत वाचून कळलं नाही. आता सरळ लिहिते : आधी कर नालेवर होता, मग डावावर आला.

आकडेमोड :
आणि उदाहरण घाला. समजा १०० रुपये भरले आणि कंपनीने १५ कापले. जुन्या पद्धतीत १५ वर १८ टक्के, म्हणजे २ रुपये ७० पैसे. नव्यात १०० भरले की पावतीवर ७८ रुपये १२ पैसे जमा आणि २१ रुपये ८८ पैसे कर. पुष्कळ ॲपं तेवढाच बोनस देऊन भोक बुजवायची, म्हणून खेळणाऱ्याला पत्ताच लागायचा नाही. माझ्या धाकट्या भावाच्या मोबाइलमध्ये अशा पावत्यांची रांग आहे. एकही त्याने उघडून पाहिलेली नव्हती.

न्यू_यॉर्कचा_नाना :
आमच्याकडे अजूनही नालेवरच आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१६ मध्ये कायदा करून हा खेळ परवान्याखाली आणला. प्रवेशशुल्कातून बक्षिसं वजा जाता जे उरतं, त्याच्या १५ टक्के कर, वर अर्धा टक्का, तोही वर्षाला ५० हजार डॉलरच्या आतच. हा जुगार आहे म्हणून लोक कोर्टात गेले. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने कायदा उचलून धरला. पलीकडे नदी ओलांडली की न्यू जर्सी, तिथे २०१७ च्या कायद्याने दर ठरला १०.५ टक्के. एकाच कचेरीतले दोघं, एक घरून एका राज्यात, दुसरा दुसऱ्या, आणि संघ एकच!

पाणवठा :
आपल्याकडेही होतं की. माझा मित्र मुंबईहून हैदराबादला रेल्वेने निघाला, आयपीएलचे दिवस. कर्नाटकातल्या वाडी स्थानकापर्यंत संघ लावत होता. तेलंगणातलं तांडूर आलं आणि ॲप म्हणालं, आपल्या राज्यात परवानगी नाही. तेलंगणाने २०१७ मध्येच बंद केलं होतं, आंध्रने २०२० मध्ये. बिचारा खिडकीतून बाहेर बघत राहिला.

कोर्टकचेरी :
कारण जुगार हा घटनेच्या राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या यादीतला विषय, नोंद ३४. पूर्वी त्यावरचा करही राज्याचाच, नोंद ६२ मध्ये. २०१६ च्या १०१व्या घटनादुरुस्तीत ६२ मधून तो गेला आणि वस्तू-सेवा करात मिसळला. म्हणजे जुगार राज्याचा आणि करात वाटेकरी सगळे.

अवांतर, पण या संकेतस्थळाला शोभेलसं : कौशल्य विरुद्ध नशीब हा सगळा वाद कशावरून सुरू झाला ठाऊक आहे? शब्दकोड्यांवरून! बंगळुरूला छापलेल्या एका साप्ताहिकात बक्षिसांची कोडी यायची, मुंबई राज्यात त्याचा मोठा खप. मुंबई सरकारने आपल्या १९४८ च्या कायद्यात १९५२ साली दुरुस्ती करून बाहेरच्या छापील अंकातल्या कोड्यांवरही कर लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५७ मध्ये न्यायालयाने कर उचलून धरला आणि त्याच सुमाराच्या दुसऱ्या निकालात म्हटलं की ज्यात बऱ्याच अंशी कौशल्य लागतं ती स्पर्धा जुगार नव्हे.

सुगरण६७ :
म्हणजे 'आडवे ७ : चार अक्षरी पक्षी' हाही जुगार ठरू शकत होता? आमचे हे रोज सकाळी चहा गार करतात त्यापायी.

तात्या_वाईकर :
विषयाकडे येऊ. 'गेमिंग'ला कोणी 'खेळ' म्हणू नये. १८८७ च्या कायद्यात 'गेमिंग' म्हणजे जुगारच, पैजा लावणं त्यात धरलेलं. कंपन्यांनी तोच शब्द गोरागोमटा करून परत आणला आणि आपण 'ऑनलाइन खेळ' म्हणून तो गिळला.

आकडेमोड :
पण तात्या, आज माझी पुतणी बुद्धिबळ खेळते त्यालाही गेमिंगच म्हणतात. शब्द सरकला. लोक वापरतात तो अर्थ.

तात्या_वाईकर :
लोक 'निव्वळ' चुकीचा वापरतात तेही चालवायचं का मग?

पाणवठा :
चालतंच आहे. 'पैज' घ्या. मुळात प्रतिज्ञा, प्राकृतात पइज्जा, मग पैज. ज्ञानोबांनी मराठीला अमृताशी पैजा जिंकायला लावलं, तेव्हा कोणी नोंद ३४ काढली नव्हती. आणि 'पण' म्हणजे डावावर लावलेलं धन. त्याच धातूचं 'पणन'. कृषी पणन मंडळ!

अकोलेकर :
कापूस विकणारा आन् पणाला लावणारा एकच, हे तर आम्हाले आधीच माहीत होतं.

तात्या_वाईकर :
निदान 'द्यूतकर' तरी घ्या. द्यूतावरचा कर.

कोर्टकचेरी :
तात्या, संस्कृतात द्यूतकर म्हणजे जुगारी! पत्रकात 'द्यूतकर भरावा' लिहिलं तर जुगाऱ्याला कशात भरायचं?

तात्या_वाईकर :
संदर्भाने अर्थ कळतो.

मंजिरी_सांगली :
मंडळी, पान ५ राहिलं. 'नेट विनिंग्ज'चं सूत्र असं : वर्षभरात खेळाच्या खात्यातून काढून घेतलेले पैसे अधिक वर्षअखेरची शिल्लक, त्यातून भरलेले पैसे आणि आरंभीची शिल्लक वजा. हे निव्वळच ना?

आकडेमोड :
अर्धं. निव्वळ नफ्यात खर्च वजा होतो. इथे ना इंटरनेटचा खर्च वजा, ना मागच्या वर्षीचा तोटा. मागच्या वर्षी ४० हजार घालवले आणि यंदा १० हजार मिळवले, तरी १० हजारांवर ३० टक्के. पाणवठ्यांच्या आजीच्या हंड्यात एवढा गाळ असता तर तिने पाणी ओतून दिलं असतं. माझ्या मते सरांचा 'खोटा' हा.

कोर्टकचेरी :
नाही, खोटा पान २ चा.

पाणवठा :
दोन्ही खरे.

मंजिरी_सांगली :
सरांना फोन केला. म्हणाले, "मी तर दोन्हीकडे 'निव्वळ'मधल्या व ला व जोडलेला नीट उठला नाही म्हणून गोल केले होते. वाक्य आपलं सहज लिहिलं, तुम्ही विचार करावा म्हणून."

पत्रक उद्या छपाईला जातंय. पान २ 'मुख्यतः', पान ५ 'निव्वळ', पान ६ नाल. फॅन्टसी स्पोर्ट्सचं मात्र, तात्यांचा 'समाह्वय' सोडला तर, कोणीच काही सांगितलं नाहीत. सध्या 'मनातला संघ लावण्याचा खेळ' लिहिलंय.

न्यू_यॉर्कचा_नाना :
छान आहे. पण 'कर नालेवर होता' की 'नालावर'? नाल पुल्लिंगी. घोड्याचा नाल.

अकोलेकर :
घोड्याची नाल. आन् अड्ड्याचीबी.

न्यू_यॉर्कचा_नाना :
साताऱ्यात अर्धं आयुष्य गेलं, 'घोड्याची नाल' कधी ऐकली नाही.

अकोलेकर :
मंग साताऱ्याच्या अड्ड्यावर कधी जिंकले नसाल.