मदत हवी आहे: उशिरा मिळालेल्या ड्रॉइंग्जबद्दल मुदतवाढीचा आणि खर्चाचा दावा कसा मांडावा?

नमस्कार. मी एका बांधकाम कंत्राटदार कंपनीत नियोजन आणि बिलिंग ही दोन्ही कामे पाहतो. आमचे कंत्राट फिडिकच्या (सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) १९९९ च्या रेड बुकवर, म्हणजे बांधकामाच्या नमुना कंत्राटावर, बेतलेले आहे. पाइल कॅप (जमिनीतल्या पाइलच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा) आणि त्यांवरील कॉलम यांची ड्रॉइंग्ज इंजिनिअरकडून (मालकाने कंत्राटाच्या देखरेखीसाठी नेमलेला) वेळापत्रकातल्या तारखांपेक्षा ६१ दिवस उशिरा आली, आणि त्याबद्दल मला दावा तयार करायचा आहे.

पाइल कॅपची मला फारशी धास्ती नाही. ड्रॉइंग कोणत्या तारखेपर्यंत हवे आणि न मिळाल्यास काय अडेल, हे कलम १.९ प्रमाणे आम्ही आधीच लेखी कळवले होते, आणि कलम २०.१ ची, म्हणजे दावा करणार असल्याची, नोटीसही २८ दिवसांच्या मुदतीत दिली होती. अडचण कॉलमची आहे. त्यांच्याबद्दल स्वतंत्र पत्र गेलेच नाही. साइटवरच्या बैठकीत आम्ही विषय काढला आणि इतिवृत्तात ‘ड्रॉइंगअभावी कॉलमचे काम थांबल्याचे कंत्राटदाराने सांगितले’ एवढे एकच वाक्य आले. त्यावर इंजिनिअरची सही आहे, परंतु दावा किंवा मुदतवाढ यांचा उल्लेख नाही. पत्र लिहायला हवे होते, ही चूक माझ्याच विभागाची आहे. हे वाक्य नोटीस म्हणून ग्राह्य धरले जाईल का?

दुसरे असे की, त्याच काळात आमच्या सळईचा पुरवठाही १२ दिवस रखडला होता. ते लपवण्याचा माझा विचार नाही, कारण भांडाराच्या आवक नोंदवहीत ते स्पष्ट दिसते आणि समोरच्याने ते शोधून काढले तर उरलेल्या ४९ दिवसांवरचा विश्वासही जाईल. हे १२ दिवस कसे मांडावेत? शिवाय बसून राहिलेली यंत्रे आमच्याच मालकीची आहेत; त्यांना भाड्याचा दर लावता येतो का?

प्रतिसाद:

केवळ त्या वाक्यावर कॉलमचा दावा उभा करू नये. जिब्राल्टर विमानतळाच्या बोगद्याच्या वादात २०१४ साली इंग्लंडच्या न्यायालयाने यलो बुक या फिडिकच्याच दुसऱ्या नमुना कंत्राटातील कलम २०.१ चा अर्थ लावताना, नोटिशीला ठरावीक नमुना लागत नाही, मात्र ती लेखी असावी आणि दावा केला जात आहे हे तिच्यातून ओळखू यावे, असे म्हटले. तुमचे इतिवृत्त नेमके या दुसऱ्या कसोटीवर अडते. त्याच निर्णयात मुदतवाढीसाठीचे २८ दिवस प्रत्यक्ष विलंब सुरू झाल्यापासूनही मोजता येतात, अशी भूमिका आहे. तुमच्या कंत्राटाला लागू असलेला कायदा वेगळा असू शकतो, तरीही कॉलममुळे क्रिटिकल पाथ (ज्या कामांच्या साखळीवर पूर्णत्वाची तारीख ठरते ती) खरोखर कोणत्या दिवशी सरकला ती तारीख आधी काढा, आणि आजवर दिली नसेल तर नोटीस आजच द्या.

सळईबद्दल एक गोष्ट तपासा. ड्रॉइंगशिवाय बार बेंडिंग शेड्यूल (सळया किती लांबीच्या कापायच्या व कशा वाकवायच्या याची यादी) होत नाही आणि शेड्यूलशिवाय सळई कापता येत नाही. सळई ड्रॉइंगच्या आधी साइटवर पोहोचली असेल, तर त्या १२ दिवसांनी कामाला काहीच धक्का दिला नाही. ती ड्रॉइंगनंतर आली असेल, तर मधले तेवढे दिवस तुमच्या खात्यावर जातात. दोन्ही कारणांनी काम एकाच वेळी खरोखर अडले असेल, तर सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या ब्रिटनमधील संस्थेच्या विलंबविषयक प्रोटोकॉलचा (मार्गदर्शिकेचा) कल असा आहे की मुदतवाढ मिळावी, पण खर्च वेगळा काढून दाखवता आला तरच मिळावा.

स्वतःच्या यंत्रांना भाड्याचा दर लावला की तो हमखास कापला जातो. घसारा, भांडवलावरचा खर्च आणि चालकाचा पगार एवढेच मागा, इंधन वगळा, आणि ते यंत्र त्या दिवसांत दुसरीकडे हलवणे का शक्य नव्हते हे लॉगबुकच्या नोंदींवरून दाखवा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. आवक नोंदवही पाहिली. सळई शेवटच्या पाइल कॅपचे ड्रॉइंग येण्याच्या आठ दिवस आधी आली होती, पण पहिल्या तीन कॅपच्या बाबतीत ती ड्रॉइंगनंतर आली. त्या तिघांचा हिशेब आता वेगळा करतो आहे, आणि कॉलमची नोटीस आज संध्याकाळी जाईल.