मदत हवी आहे: मेसच्या जेवणाची नोंद नेमकी कशी घ्यावी?

एम.एस्सी. आहारशास्त्र, दुसरं वर्ष. प्रकल्पाचा विषय: पुण्यात घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं खाणं कशावरून ठरतं, चव, पैसे की वेळापत्रक?

आधी गूगल फॉर्म पाठवला. उत्तर एकच, "भाजी-पोळी". चहा-क्रीमरोल कुणीच लिहिला नाही! मग समोर बसून मागच्या २४ तासांचं विचारलं, तेव्हा खरं बाहेर आलं. लेक्चर साडेसातला, मेस उघडते अकराला, म्हणून नाश्ता टपरीवर. खाडा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते करणं) सलग तीन दिवस असेल तरच धरतात, त्यामुळे कंटाळा आला तरी पैसे भरलेत म्हणून तिथेच जेवायचं. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद. मग कुणी मॅगी करतं, कुणी तसंच झोपतं.

प्रमाणासाठी मेसची वाटी घरी आणून पाण्याने मोजली, १२० मिली भरली. पण तिच्यात रस्सा किती नि बटाटा किती, हे वाढणाऱ्याच्या हातावर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते (कुठल्या पदार्थात किती पोषण) आहेत माझ्याकडे, पण ते मुख्यतः कच्च्या जिनसांचे. मेसच्या काकू तेलाचं माप सांगत नाहीत, आणि त्यांच्या खनपटीला बसायची माझी इच्छा नाही.

विद्यार्थी ४०, मी एकटी, हातात सहा आठवडे. प्रत्येकाच्या दोनच नोंदी होतील. ताटं वजन करणं जमणार नाही.

तर दोनपैकी एक नोंद रविवारची घ्यावी, की त्याने सरासरी बिघडेल? आणि रस्साभाजीतलं तेल तुम्ही कसं धरलंत?