फोल्डरच्या नावात स्पेस: चूक नाव देणाऱ्याची की कमांड लिहिणाऱ्याची?

काळापडदा:
माझं मत पक्कं आहे. लिनक्सवर कमांड टाइप करून काम करायचं तर डिरेक्टरीच्या, म्हणजे फोल्डरच्या, नावात रोमन अक्षरं, आकडे, टिंब, अंडरस्कोर आणि हायफन एवढंच असावं. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकानं कुठेही चालतील अशी हीच चिन्हं दिली आहेत. गेल्या महिन्यात मला 'जुने फोटो' ही डिरेक्टरी काढायची होती. घाईत आरएम या पुसून टाकणाऱ्या कमांडला नाव अवतरणचिन्हांशिवाय दिलं. शेलनं, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं, स्पेसपाशी त्याचे दोन शब्द केले. 'जुने' सापडत नाही असा संदेश आला, आणि शेजारची 'फोटो' ही वेगळीच डिरेक्टरी उडाली. बॅकअप होता म्हणून निभावलं.

बाइटवेडी:
साफ असहमत. नाव माणसाला वाचण्यासाठी असतं. लिनक्स नावात फक्त स्लॅश आणि नल बाइट (शून्य किमतीचा बाइट) नाकारतं, मग बाकीची बंदी आपण का लादायची? हातानं टाइप करताना पहिली अक्षरं लिहून टॅब दाबा, बॅश हा शेल नाव पुरं करून स्पेसआधी स्वतःच बॅकस्लॅश घालतो. स्क्रिप्टमध्ये (कमांडच्या फाइलमध्ये) नाव साठवणारं व्हेरिएबल नेहमी दुहेरी अवतरणात. नावात डॉलर किंवा बॅकटिक (`) असेल तर एकेरी अवतरण, त्यात शेल कशालाच हात लावत नाही.

काळापडदा:
आणि नाव हायफननं सुरू झालं तर? तिथे अवतरण कामाचं नाही. शेल ते काढूनच नाव पुढे देतं आणि कमांड त्याला पर्याय, म्हणजे हायफननं सुरू होणारी सूचना, समजते.

बाइटवेडी:
नावाआधी ./ लावा, किंवा पर्याय संपल्याची खूण म्हणून -- द्या. नावात नवी ओळ असली तरी फाइल शोधणाऱ्या फाइंडचा प्रिंट० आणि सापडलेली नावं दुसऱ्या कमांडला देणाऱ्या एक्सआर्ग्जचा -० ही जोडी आहेच, ती नावं नल बाइटवर तोडते. उपाय असताना नावांवर बंदी कशाला?

ऱ्हस्वदीर्घ:
मी देवनागरी नावांच्या बाजूची, पण एक खाच सांगते. 'दऱ्या' मधला ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एकच कोडपॉइंट (युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक), किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे दोन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, बाइट वेगळे. मॅकची जुनी फाइल सिस्टिम एचएफएस प्लस अशी अक्षरं सुटी करून ठेवायची. तिथून नाव लिनक्सवर आलं आणि तेच नाव तिथे एकसंध ऱ नं आधीच असलं, की एकाच नावाच्या दोन डिरेक्टरी दिसतात, आणि तुम्ही टाइप केलेलं नाव त्यांतल्या एकीलाच लागतं. शिवाय लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट खातो, म्हणजे जेमतेम ८५. काना-मात्राही त्यातच मोजायच्या.

काळापडदा:
ही खाच मला माहीत नव्हती. तरी देवनागरीवरचा आक्षेप मागे घेतो, कारण तिचे बाइट शेल तोडत नाही. स्पेसवरचा मात्र कायम. बाइटवेडी, तुमचे सगळे उपाय बरोबर आहेत, पण ते दर वेळी आठवावे लागतात. अंडरस्कोर नाव देताना एकदाच टाकावा लागतो.

बाइटवेडी:
तुमच्या डिरेक्टरीत, हो. दुसऱ्यानं पाठवलेल्या झिपमध्ये काय येईल ते तुमच्या हातात नाही.