वंगण, इंधन आणि ‘विमानाचं तेल’

प्रश्न

विमानदेखभालीच्या एका धड्याचं मराठी करतेय. विषय आहे गॅस टर्बाइन (जेट) इंजिनातली तेलं. ‘लुब्रिकंट’ला स्नेहक लिहू की वंगण? ‘फ्युएल’ला इंधन लिहायचं हे कळतं, पण बातम्यांत सर्रास ‘विमानाचं तेल महागलं’ असं येतं, ते चालेल का? शिवाय ‘कोकिंग’ला (तापून तेल करपणं आणि त्याचा थर बसणं) शब्दच सापडत नाहीये.

प्रतिसाद

वंगण लिहा. स्नेहक चुकीचा नाही, पण तो वाचून हात तेलकट होत नाहीत! बैलगाडीच्या आसाला घालायचं ते वंगण, शिवणयंत्राला घालतो तेही वंगण. आस फिरतो, घासतो, तापतो. टर्बाइनच्या बेअरिंगचंही दुखणं तेच आहे, फक्त फेरे मिनिटाला हजारोंनी.

‘विमानाचं तेल’ मात्र धड्यात नको. तेल आणि रॉकेल ही पदार्थांची नावं. वंगण आणि इंधन ही कामांची. इंधन पेटण्यासाठी असतं (‘इन्ध्’ म्हणजे पेटणे, सरपणही इंधनच). जेट ए-१ हे विमानाचं इंधन रॉकेलच्याच कुळातलं, उणे ४७ अंशांपर्यंत न गोठणारं. मध्यम आकाराचं दोन इंजिनांचं विमान ते तासाला सुमारे अडीच टन जाळतं. वंगण जळण्यासाठी नसतंच. टाकीतून बेअरिंगकडे जातं, उष्णता घेऊन परततं, निवतं, पुन्हा जातं. एका इंजिनात तासाला लिटरभरही खर्ची पडत नाही. दोघांना ‘तेल’ म्हटलं, तर शिकणाऱ्या मुलाला हा फरक कळायचा कसा?

पण कामाचं नाव म्हटलं की एक गंमतही समजते. इंधनाचा पंप वंगणावर चालत नाही, त्याच्या आतल्या भागांना इंधनच वंगण पुरवतं. म्हणजे तिथे इंधन हेच वंगण! आणि तापलेलं वंगण निववायला गार इंधन वापरतात. उष्णतेच्या एका अदलाबदल-पेटीत दोघं न मिसळता शेजारून वाहतात. एक निवतं, दुसरं कोमट होतं.

१७ जानेवारी २००८ला बीजिंगहून आलेलं बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं, ते याच पेटीच्या तोंडाशी इंधन अडल्यामुळे. इंधन गोठलं नव्हतं, उणे ३४च्या खाली ते गेलंच नव्हतं. गोठलं होतं त्यातलं थोडंसं पाणी. नळ्यांत साचलेला बर्फ सुटून पेटीच्या तोंडावर बसला आणि दोन्ही इंजिनांना पुरेसं इंधन मिळेना. कुणाचा जीव गेला नाही, ही मोठीच गोष्ट. त्या बातमीचं भाषांतर ‘तेल गोठल्याने’ असं केलं, तर एका वाक्यात दोन चुका होतील.

दुसरा प्रतिसाद

वरच्या मताशी सहमत, पण एक शंका. वंगण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काळं, घट्ट ग्रीस येतं. जेट इंजिनातलं तेल फार पातळ असतं. नेहमीच्या नागरी दर्जाचं १०० अंशांना जेमतेम ५ सेंटिस्टोक्स (हे दाटपणाचं माप, आकडा लहान तितकं तेल पातळ). ते खनिज तेलही नसतं, कृत्रिम एस्टर असतं, कारण खनिज तेल तेवढ्या तापात टिकत नाही आणि इंजिनातलं तेल उणे ४०लाही वाहतं राहायला हवं. म्हणून पहिल्यांदा ‘वंगणतेल’ लिहा, पुढे नुसतं वंगण.

पहिल्याचं उत्तर

वंगणतेल मान्य. आणि कोकिंगसाठी ‘खरवड धरणे’ सुचवतो. इंजिन बंद झालं की वंगणाचा प्रवाह थांबतो, पण टर्बाइनकडचा ताप लगेच उतरत नाही. तिथे अडकलेलं तेल करपून काळा थर बसतो. दुधाच्या पातेल्याला जे होतं, तेच. म्हणून तर मोठ्या ताकदीवर चालवल्यावर इंजिन काही मिनिटं मंद गतीवर ठेवून मग बंद करतात. ‘कोकीभवन’ लिहाल, तर त्याचा अर्थ पुन्हा समजावून सांगावा लागेल.

प्रश्नकर्तीकडून

खरवड! आईच्या तोंडचा शब्द, मला सुचलाच नाही. वाक्य असं केलंय, बघा बरं: ‘वंगणतेलाच्या नळीला खरवड धरली की नळी आतून अरुंद होते आणि बेअरिंगला वंगण कमी पडतं.’ ‘धरली’ ठेवू की ‘बसली’?

उत्तर

‘धरली’. थर बसतो, खरवड धरते.