४००० रुपयात दोघांचं महिन्याचं घरचं जेवण, पोट भरेल असं, जमतं का?

कुपवाडचा_भाडेकरू
मंडळी, मी आणि माझा रूममेट सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन राहतो, दोघंही कुपवाड एमआयडीसीत कामाला. मेस सोडली, तिथली आमटी म्हणजे नुसतं हळदीचं पाणी (हळदीच्या गावात राहून तक्रार तरी कुठं करायची). आता घरीच करतो. किराणा, भाजी, दूध धरून ४०००, त्याच्या वर एक रुपया नाही. सकाळी पोहे, डब्यात भात आणि बटाटा, रात्री परत भात नाहीतर मॅगी. जेवल्यावर पोट टम्म, पण साडेचारला अशी भूक लागते की गेटवर दोन वडापाव होतातच, मग घरी करून वाचवलं काय? शेगडी एक, कुकर आहे, मिक्सर नाही. ओट्स, क्विनोआ सांगू नका प्लीज.

रहिमतपूरची_काकू
अरे बाळा, तुझ्या ताटात सगळं पांढरंच आहे की. पोहे तांदळाचे, भात तांदळाचा, वर बटाटा. साडेचारला भूक लागेल नाहीतर काय होईल! कडधान्य आण. आपल्याकडं घेवडा, मटकी, हुलगा, मसूर काय कमी आहे का, तुमच्या इस्लामपूरकडं तर अख्ख्या मसूरावर धाबे चालतात. तुझ्यासारख्याला मसूरच बरा, रात्री भिजवायचा विसरलास तरी अडत नाही. कामावरून आलास की दोन मुठी धुऊन कोमट पाण्यात टाक, अंघोळ, कपडे उरकेपर्यंत भिजतो. कुकरला दोन-तीन शिट्ट्या. दुसरीकडं, म्हणजे तुझी शेगडी एकच, तर कुकर उतरवल्यावर, कढईत कांदा चांगला लाल होईपर्यंत परत, घाई करू नको, इथंच चव येते. मग ठेचलेलं आलं-लसूण, चमचाभर कांदा-लसूण मसाला, मसूर पाण्यासकट ओत, पाणी फेकायचं नाही. शेवटी मूठभर दाण्याचा कूट. मिक्सर नाही म्हणतोस तर भाजलेले शेंगदाणे स्वच्छ पिशवीत घाल आणि तांब्याच्या बुडानं ठेच, जाडाभरडाच चांगला लागतो. वर लिंबू पीळ, मसुरातलं लोह अंगी लागतं. जास्तच कर, दुसऱ्या दिवशी डब्याला होतं.

शिळी_भाकरी
काकूंचं बरोबर पण त्याच्याबरोबर भातच खाल्ला तर निम्मा फायदा गेला. भाकरी शिका भावांनो. मी पण सांगलीत नोकरीला आलो तेव्हा येत नव्हती, पहिले पंधरा दिवस तव्यावर फक्त तुकडे. माझी चूक काय होती तर स्वस्त पडतं म्हणून शाळूचं पाच किलो पीठ एकदम दळून आणलेलं आणि ते महिनाभर पडून, मग पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेनं फाटते, मला वाटायचं माझ्याच हातात काहीतरी खोट आहे. ज्वारी घरात ठेवायची आणि एक-दीड किलोच दळायची. पीठ कढत पाण्यात भिजवून चांगलं मळायचं, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची. नाहीच जमलं तर पोळपाटावर लाटा, आपल्याला कुठं सासरी जायचंय.

मिरजेचा_बॅचलर
हिशोब कोणीच सांगेना म्हणून सांगतो. आम्ही पण दोघंच. महिन्याला ज्वारी १० किलो, तांदूळ ५, कडधान्य आणि डाळी मिळून ५, शेंगदाणे दीड, तेल २ लिटर. माझ्याकडं हे सगळं दोन हजाराच्या आसपास बसतं, भाव वरखाली होतात तेवढं धरा. किराणा गणपती पेठेतनं एकदाच आणतो, कोपऱ्यावरच्या दुकानातनं पाव-पाव किलो आणलं की गेले पैसे. उरलेल्यात भाजी, दूध, अंडी. भाजी बाजार उठायच्या वेळेला घ्या, तांदुळजा, शेपू, मेथीच्या जुड्या पडेल त्या भावाला देतात, फक्त त्याच रात्री निवडून करा, नाहीतर सकाळी चोथा. अंड्याला ६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आहे, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसेक, सोयाबीनच्या वड्यात तर पन्नास, पण वड्या मला आठवड्यात एकदाच सहन होतात, रबर खाल्ल्यासारखं वाटतं. आणि गावच्या रेशनकार्डावर नाव आहे का बघ. प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी ५ किलो धान्य आहे, २०२३ पासून फुकट, आणि अंगठा लावून इथल्या दुकानातनं पण उचलता येतं.

कुपवाडचा_भाडेकरू
आठ दिवसांनी परत आलोय. मसूर तीनदा केला, एक नंबर, रूममेटनं कढई पुसून खाल्ली. डब्यात आता भाकरी-उसळ असते (भाकरीचा आकार विचारू नका), वडापाव आठवड्यात एकदाच झाला, तो पण दुसऱ्यानं दिला म्हणून. जोरात येऊन काल हुलगा केला आणि फसला, पाच शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली खडे.

रहिमतपूरची_काकू
भिजवला किती वेळ?

कुपवाडचा_भाडेकरू
मसूराएवढाच, अंघोळ होईपर्यंत 😅

रहिमतपूरची_काकू
अरे देवा. हुलगा रात्रभर भिजतो रे, मोड आणलेस तर आणखी चांगला. उरलाय का? टाकू नको, परत पाणी घालून मंद गॅसवर ठेव, शिजला की वरचं पाणी काढून लसणाची फोडणी दे, कढण होतं. गरम गरम पी, आणि रूममेटला पण दे.