बेसमेंटमधली ओल: कुणी चांगला कॉन्ट्रॅक्टर सुचवेल का?

मंडळी, नमस्कार.
आमच्या एडिसनच्या (न्यू जर्सी) घराच्या बेसमेंटमध्ये कुबट वास येतोय. एका कोपऱ्यात भिंतीला लोणा लागलाय, हात लावला की पांढरी भुकटी झडते. मंडळाच्या मखराची खोकी तिथेच आहेत, म्हणून जास्त काळजी. एक जण बघून गेला. म्हणाला, आतून फरशी फोडून चारी बाजूंनी ड्रेन टाकू. खर्च पाच आकडी, "आजच सही केलीत तर सूट". तोवर खिडक्या उघड्या ठेवल्यात.

*

सही अजिबात करू नका! आणि खिडक्या आधी बंद करा. जून-जुलैची दमट हवा आत आली की गार भिंतीवर तिचं पाणीच होतं. आपल्याला सवय 'वारा लागू दे' म्हणायची, इथे ती उलटते. डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा खेचणारं यंत्र) 50 टक्के आर्द्रतेवर लावून ठेवा.

मग भिंतीवर हातभर प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून दोन दिवस थांबा. खोलीच्या बाजूने थेंब आले तर दोष हवेचा. भिंतीच्या बाजूने आले तर पाणी बाहेरून झिरपतंय.

बाहेरून असेल तर भर पावसात छत्री घेऊन घराला एक फेरी मारा. 1000 चौरस फूट छपरावर 1 इंच पाऊस म्हणजे 600 गॅलनच्या वर पाणी. पन्हळ पानांनी तुंबली किंवा डाउनस्पाउट, म्हणजे पन्हळीचं पाणी खाली आणणारा नळ, भिंतीलगत सुटला, की ते सगळं घराच्या पायामध्ये मुरतं. पाइप निदान 6 फूट लांब न्या. जमिनीला घरापासून 10 फुटांत 6 इंच उतार हवा. फुलझाडांच्या वाफ्याला विटांचा देखणा काठ बांधला असेल तर तोही बघा, पाणी तिथेच अडतं. आतून वॉटरप्रूफ रंग मारायच्या भानगडीत पडू नका. मागून पाण्याचा दाब असला की पोपडे धरतो.

*

काका, थेंब भिंतीच्या बाजूनेच निघाले. बाहेर हायड्रेंजियामागे डाउनस्पाउटचा खालचा तुकडाच निसटलेला! तो बसवून पुढे पाइप जोडलाय. खोकी माळ्यावर हलवली. आता सम्प पंपाचं, म्हणजे बेसमेंटच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचं, काय बघायचं?

*

खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, फ्लोट (पाण्यावर तरंगणारा गोळा) वर येऊन पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. बॅटरी बॅकअप घ्याच, वादळात वीज नेमकी तेव्हाच जाते.

*

वहिनी, विम्याचंही बघून घ्या. नेहमीच्या घरविम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. सम्प तुंबून पाणी आलं तर त्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते, ती पॉलिसीत आहे का एजंटला विचारा. सरकारी पूरविमा सहसा 30 दिवसांनी लागू होतो, आणि त्यातही बेसमेंटमधला सोफा, कार्पेट भरून मिळत नाही. फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी), वॉटर हीटर मिळतो. तेव्हा खाली होम थिएटर करायचं घाटत असेल तर एक पावसाळी मोसम कोरडा जाऊ द्या.