शिष्यांच्या गळ्यातून माझेच गाणे ऐकू येते. तालमीत काय बदलावे?

तारषड्ज (प्रश्न):
ख्यालगायनाच्या मैफली आणि शिकवणी यांवर माझा उदरनिर्वाह चालतो. माझ्याकडे शिकणाऱ्या दोघीतिघी आता स्वतंत्र कार्यक्रम करू लागल्या आहेत. त्यांचे गाणे ऐकताना आनंद होतो आणि अस्वस्थताही वाटते, कारण यमन रागात निषादावर (‘नी’ या स्वरावर) मी जितकी रेंगाळते तितक्याच त्याही रेंगाळतात, आणि तार (वरच्या) सप्तकात माझा आवाज जो किंचित पातळ होतो तोही त्यांनी उचलला आहे, जरी त्यांपैकी एकीचा गळा मुळात भरदार आहे. समोर बसून, गुरूच्या मागोमाग गातच विद्या मिळते, यावर माझा विश्वास आहे. मात्र आयोजकही ‘अगदी ताईंसारखे गातात’ म्हणून त्यांना बोलावू लागले आहेत, त्यामुळे या मुलींना बदलावेसे वाटण्याचे कारणच उरत नाही. अनुकरण कोणत्या टप्प्यावर आणि कसे सोडवावे?

मध्यलय:
ताई, अल्लादिया खाँसाहेबांचे उदाहरण येथे फार मोलाचे वाटते. तरुणपणी दरबारी चाकरीत अतिगायनाने त्यांचा आवाज बिघडला, पूर्वीचा आवाज परत मिळाला नाही, आणि जो उरला त्याला साजेल अशी पेचदार, लयीशी घट्ट बांधलेली गायकी त्यांनी घडवली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख झाली. म्हणजे ज्या गायकीला आपण शुद्ध परंपरा म्हणून जपतो, तिचा उगमच एका गळ्याच्या मर्यादेत आहे. त्याच खाँसाहेबांची तालीम केसरबाई केरकरांनी घेतली आणि मोगूबाई कुर्डीकरांनीही घेतली, तरी केसरबाईंचा भारदस्त, मोकळा आकार (‘आ’ या उच्चारातले गायन) आणि मोगूबाईंचे लयीचे काटेकोर भान यांत कोणाही जाणत्या श्रोत्याची गल्लत होत नाही. दोघींनी रागाची बढत (स्वरास्वराने केलेला विस्तार) आणि लयीचा विचार उचलला, खाँसाहेबांचा कंठ उचलला नाही. आपण शिकवताना हा भेद विद्यार्थिनींना स्पष्ट शब्दांत सांगता का, हे जाणून घ्यायला आवडेल.

विलंबित:
मला यात घाई दिसते. आज खरी अडचण उलट आहे: बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचा तुकडा) समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) नीट येण्याआधीच विद्यार्थी यूट्यूबवरून पाच गायकांच्या पाच जागा (खास स्वराकृती) उचलतो आणि त्या मिश्रणाला स्वतःची शैली म्हणू लागतो. गजाननबुवा जोशींनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची विद्या आत्मसात केली हे खरे, परंतु वडील अंतूबुवांकडून मिळालेल्या ग्वाल्हेरच्या पायावर बाकीचे उभे राहिले, हा क्रम विसरता येत नाही. आपल्या मुली एकाच गुरूचे गाणे निष्ठेने गात असतील, तर पाया पक्का होतो आहे असे समजावे. अस्वस्थ वाटते म्हणून तो अर्ध्यावर हलवू नये.

खर्ज:
दोन्ही उत्तरे विचारात घेऊनही मला मूळ प्रश्नातील भरदार गळ्याच्या मुलीविषयी बोलावेसे वाटते. आपल्या सामूहिक वर्गात तानपुरा कोणत्या पट्टीत (मूळ ‘सा’च्या कोणत्या उंचीवर) लावलेला असतो? बहुतेक ठिकाणी तो गुरूच्याच पट्टीत असतो. गुरू हार्मोनियमच्या काळी पाचमध्ये गात असेल आणि मुलीचा नैसर्गिक स्वर त्याहून खालचा, काळी तीन किंवा पांढरी पाच असेल, तर तार सप्तकात तिला आवाज चोरण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ती सवय मग ‘गुरूसारखी’ म्हणून कौतुकाची होते. तिला आठवड्यातून एकदा तरी एकटीला, तिच्या पट्टीत, मंद्र (खालच्या) सप्तकापासून शिकवावे. ते आपल्या स्वतःच्या गळ्याला अवघड जाईल, कारण आपल्याला खालच्या पट्टीत गाऊन दाखवावे लागेल. पण त्यामुळेच तिला आपल्या आवाजाची नक्कल करता येणार नाही आणि स्वरवाक्याचा अर्थ तेवढा तिच्यापर्यंत पोहोचेल. मी स्वतः शिकवताना आणखी एक करतो. यमनमध्ये गंधारापर्यंत (‘ग’ या स्वरापर्यंत) जाण्याची एक वाट गाऊन दाखवतो, आणि ती वगळून दुसरी शोधायला सांगतो. बंदिश मात्र जशीच्या तशीच म्हणून घेतो, तिच्यात सूट देत नाही. विलंबित यांनी सांगितलेला पाया त्यामुळे हलत नाही.

आयोजकांच्या बाबतीत माझे मत कडक आहे. शिष्येला स्वतंत्र बोलावणे आले की कार्यक्रमाचे राग तिनेच निवडावेत, आणि त्यांतला निदान एक आपल्या मैफलीत सहसा नसणारा असावा, असा आग्रह गुरूनेच धरायला हवा. सुरुवातीला चार बोलावणी कमी येतील, याची तयारी दोघींनीही ठेवावी.